ताबा

४ मार्च

धाकट्या,

आशीर्वाद आहेतच, पण आधी राग. फोन केला की तू "बघतो, ताई" म्हणतोस आणि ठेवून देतोस. तुझ्या "बघतो"वर आमचं घर उभं राहणार नाही, म्हणून हे पत्र. कागदावर विचारलं की कागदावरच उत्तर द्यावं लागतं, हे कोर्टातल्या माणसाला मी सांगायला नको.

इथे तापाची साथ येऊन सहा आठवडे झाले. आमचा शर्टांचा कारखाना बंद आहे. शेवटच्या दिवशी माझी काजं करून झाली होती, बटणं राहिली; ते गठ्ठे तसेच मशीनवर पडलेत. तुझ्या भाऊजींची कँटीनही बंद. ते दिवसभर घरात बसून मला भाजी कशी चिरावी ते शिकवतात. तापाने नाही गेले तरी या शिकवणीने मी नक्की जाईन.

आता कामाचं. आमच्या घरात अकरा खोल्या, अकरा बिऱ्हाडं, अंगणात एक नळ. मालक परगावी असतो, त्याला कुणी पाहिलेलं नाही. सगळा कारभार त्याच्या दिवाणजींच्या हातात. त्यांनी काल दाराला कागद चिकटवला : महिनाअखेर थकलेलं भाडं भरा, नाहीतर खोल्या रिकाम्या करा. रस्त्यावरून "घरातच बसा, घरातच बसा" सांगत गाडी फिरते आणि दारावर घर सोडायचा कागद! आम्ही नक्की कुणाचं ऐकायचं?

तू पंधरा वर्षं बेलिफ आहेस. माणसांना घराबाहेर काढायचे कोर्टाचे हुकूम तूच घेऊन फिरतोस. तुला माहीत नाही तर कुणाला? नीट लिही.

आणखी एक. जिन्याखालच्या खोलीत ती आयाबाई राहते ना, इस्पितळात तापाच्या वॉर्डात काम करणारी, तिला बघून सगळे आता भिंतीला लागून चालतात. मीसुद्धा माझी बादली नळापासून लांब ठेवते. खोटं कशाला सांगू?

तुझी ताई

---

१३ मार्च

ताई, नमस्कार.

पत्र पोचलं. दाराला चिकटवलेला कागद हा नुसता कागद असतो. त्यावर कोर्टाचा शिक्का आहे का ते बघ. नसणारच. कोर्टाच्या हुकमाशिवाय तुम्हाला कुणीही बाहेर काढू शकत नाही, दिवाणजी नाही, मालकही नाही. तुमचं कुलूप बदलता येत नाही, सामान हलवता येत नाही, पाणी तोडता येत नाही. तोडलं तर पोलिसांत लेखी तक्रार द्या आणि त्या तक्रारीची पोच घ्या. तोंडी काही करू नका.

दिवाणजी कोर्टात गेले तर तुम्हाला समन्स येईल. ते घ्या. नाकारलं की आपोआप मिटतं असं पुष्कळांना वाटतं. तसं नसतं. तारखेला हजर राहा.

इकडे सगळं नेहमीसारखं. काम चालू आहे. भाऊजींना सांग, भाजी त्यांनीच चिरावी.

तुझा
धाकट्या

---

२४ मार्च

धाकट्या,

तुझं पत्र मी जिन्यात उभी राहून मोठ्याने वाचलं. प्रत्येक जण आपापल्या दारात, तोंडाला फडकं बांधून. "नुसता कागद असतो" म्हटल्यावर दुसऱ्या मजल्यावरचे, घड्याळदुरुस्तीचं दुकान असलेले घड्याळजी म्हणाले, "बाई, ती ओळ पुन्हा वाचा." मग मी ती तीनदा वाचली.

दुसऱ्याच दिवशी नळ बंद झाला. मी आणि गवंड्याची बायको चौकीवर गेलो. ती सात महिन्यांची पोटुशी आहे, तिला बघून हवालदाराने लगेच लिहून घेतलं. पोच घेतली. संध्याकाळपर्यंत नळाला पाणी आलं. दिवाणजी म्हणाले, पाइप तुंबला होता. भाऊजी म्हणाले, "पाइपला पोच वाचता येते वाटतं."

पण मग दिवाणजी खरंच कोर्टात गेले. दहा समन्स आली. आयाबाईला नाही आलं, कारण तिचं काम चालू आहे आणि तिचं भाडं कधी चुकलेलं नाही. तिच्यासाठी त्यांनी वेगळी युक्ती काढली. एक अर्ज घेऊन ते दारोदार फिरले : ही बाई रोज ताप घेऊन घरी येते, आमच्या जिवाला धोका आहे, हिला काढा. "एवढ्यावर सह्या करा, तुमचं आपण बघू," म्हणाले. काहींनी सह्या केल्या.

तुझ्या बायकोशी परवा बोलले. म्हणाली, तू नीट जेवत नाहीस आणि घरी आल्यावर बराच वेळ बूट न काढता बसून राहतोस. तुझं "नेहमीसारखं" ते हेच का?

तुझी ताई

---

१८ एप्रिल

ताई,

तुझे फोन मी घेतले नाहीत. तीन आठवडे पत्रही लिहिलं नाही. आज लिहितो आहे, ते आधी तुझ्या कामाचं आणि मग माझं. क्रम असाच ठेव. माझं वाचून कागद फाडलास तरी पहिला भाग जपून ठेव.

सरकारचा हुकूम निघाला आहे. साथ संपेपर्यंत, ज्यांचं उत्पन्न साथीमुळे बंद झालंय त्यांना भाड्यासाठी घराबाहेर काढायचं नाही. पण ही स्थगिती आपोआप लागत नाही. प्रत्येक बिऱ्हाडाने छापील अर्ज भरून तीस एप्रिलच्या आत कोर्टात द्यायचा. जो देणार नाही त्याची खोली गेली. लोकांना हे कुणी सांगत नाही. सोबत कोरे अर्ज पाठवतोय, अकरा. एक जादा धर.

आता माझं.

हा हुकूम आमच्या ऑफिसात एक तारखेला संध्याकाळी आला. आमच्या साहेबांनी वाचला, खणात ठेवला आणि म्हणाले, "उद्या दुपारी नोंदवू." मी समोर होतो. माझ्या थैलीत दोन तारखेच्या सकाळचं एक ताबा वॉरंट होतं. ते मला म्हणाले, "तेवढं एक उरकून टाका."

मी उरकलं, ताई. एक इस्त्रीवाली बाई, तिच्या दोन मुली आणि म्हातारे वडील. तिने मला विचारलं, "साहेब, साथीत असं काढायचं नाही असं काहीतरी येणार आहे म्हणतात, खरं का?" मी म्हटलं, "माझ्याकडे तसं काही आलेलं नाही." हे शब्दाला शब्द खरं होतं. माझ्याकडे नव्हतं, खणात होतं.

म्हाताऱ्याला चालता येत नव्हतं. दोन हमालांनी त्यांना खुर्चीसकट उचलून खाली आणलं. मी दाराला कुलूप घातलं, लाखेचं सील मारलं आणि ताबा शांततेत घेतल्याचं लिहिलं. ते सगळे शाळेतल्या निवाऱ्यात गेले. तिथे एका वर्गात चाळीस माणसं. म्हाताऱ्याला ताप आला आणि आठव्या दिवशी ते गेले.

मला हे निवाऱ्याच्या यादीवरून कळलं. तेव्हापासून तुला काय लिहू ते कळत नव्हतं. जो तुला नळाच्या पोचा घ्यायला शिकवत होता, तो हा.

धाकट्या

---

२८ एप्रिल

धाकट्या,

कागद फाडला नाही. चार दिवस मात्र तुझा भयंकर राग आला. भाऊजींना वाचून दाखवलं तर ते उठून भाजी चिरायला बसले. तू समोर असतास तर मी काय केलं असतं माहीत नाही. तुला बरं वाटेल असं माझ्याकडून काही ऐकायला मिळणार नाही. तू चूक केलीस, आणि ती तुला त्याच क्षणी कळत होती.

आणि आता माझं ऐक. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं, काहींनी सह्या केल्या. त्यात मी होते. तिसरी सही माझी. भाऊजी तेव्हा आजारी होते, त्यांची छाती अजून खरखरते, आणि मनात आलं, एक बाई गेली तर दहा घरं वाचतील. दिवाणजींनी पेनसुद्धा आपलंच दिलं.

तुझं पत्र वाचल्यावर मी आयाबाईकडे गेले. ती अंगणात आपल्या झग्याच्या बाह्या धूत होती. मी लांबून म्हटलं, "मला तुम्हाला काही सांगायचंय."

ती वर न बघता म्हणाली, "तुमची सही तिसरी आहे. दिवाणजींनी कागद दाखवलाय मला."

"मग इतके दिवस बोलला नाहीत?"

"काय बोलू? दिवसभर वॉर्डात माणसांना सांगते, घाबरू नका, घाबरू नका. घरी येऊन पुन्हा तेच सांगायचं त्राण उरत नाही हो."

मग तिनेच विचारलं, "तुमच्या यजमानांची छाती कशी आहे? बसून झोपतात की आडवे?" मी म्हटलं, आडवे. "उशा वाढवा," म्हणाली आणि बाह्या पिळायला लागली.

अर्जांचं सांगते. सहा बिऱ्हाडांनी एका सकाळीच भरले. तिघांना लिहिता येत नाही, त्यांचे मी भरले, अंगठे घेतले. घड्याळजी अडून बसले. "माझं उत्पन्न बंद आहे" हे वाक्य त्यांना लिहायचं नव्हतं. म्हणाले, "चाळीस वर्षांत कुणापुढे हात पसरला नाही."

मी म्हटलं, "हात पसरू नका. त्याच हाताने नुसती सही करा."

"दुकान बंद आहे म्हणून मी बंद झालो का?"

"तुम्ही कसले बंद होताय! तुम्ही तर अर्धा तास झाला चालूच आहात."

हसले. हसता हसता सही केली आणि ते वाक्य बोटाने झाकून कागद माझ्या हातात दिला. त्यांची मला फार कीव आली, पण अर्ज मी आधी पिशवीत टाकला.

काल दहा अर्ज कोर्टात दिले. दहा पोचा माझ्या डब्यात आहेत. अकरावा कोरा राहिला. आयाबाईचं उत्पन्न चालू आहे, तिला ही स्थगिती लागत नाही. म्हणजे बघ, ज्यांचं काम गेलं ते वाचले, आणि जी आपल्यासाठी मरमर राबते ती रस्त्यावर. अकरा मेला तिची तारीख आहे. दिवाणजींच्या हातात आमच्या सह्या आहेत, दुसरं काही नाही. त्या मागे कशा घ्यायच्या ते लिही. लवकर लिही.

आणि त्या इस्त्रीवालीला तिची खोली परत मिळवून दे. कशी ते मला विचारू नकोस, बेलिफ तू आहेस.

तुझी ताई

---

४ मे

ताई,

सही मागे घेता येते. पत्राने नाही. ज्याने केली त्याने स्वतः न्यायाधीशांसमोर उभं राहून सांगायचं की मी ही तक्रार मागे घेतो. एकजण आला तर दिवाणजींचे वकील म्हणतील, बाकीच्यांना अजून धोका वाटतोच आहे. म्हणून जितके येतील तितके या. आत एकावेळी एकालाच सोडतील. बाहेर अंतर ठेवून थांबा. "का सही केली होती?" असं विचारतील. खरं तेच सांगा. वकिलासारखं बोलायला जाऊ नका, वकिलांना ते आपल्यापेक्षा चांगलं जमतं.

आयाबाईला इस्पितळाकडून एक दाखला घ्यायला सांग, की कामावरून निघताना तिथेच अंघोळ करून, कपडे बदलून ती घरी येते.

दुसरं. तू लिहिलंस ते मी खिशात घालून दोन दिवस फिरलो. परवा आमच्या न्यायाधीशांना लेखी निवेदन दिलं : हुकूम एक तारखेच्या संध्याकाळी ऑफिसात पोचला होता, मला ते ठाऊक होतं, तरी मी दोन तारखेला ताबा घेतला. तारीख, वेळ, खण, सगळं लिहिलं. खाली सही केली.

साहेबांनी मला बोलावलं. "पंधरा वर्षं झाली तुम्हाला. घरदार आहे. हे मागे घ्या, मी नोंद सांभाळून घेतो."

मी म्हटलं, "साहेब, नोंद सांभाळली म्हणूनच हे झालं."

तेव्हापासून ऑफिसात माझ्याशी कुणी बोलत नाही. थैलीत एकशेबारा वॉरंटं आहेत. रोज त्यातल्या दहा-बारा पत्त्यांवर जातो आणि वॉरंटाऐवजी कोरे अर्ज देतो. मुदत इथे पंधरा मेपर्यंत वाढलीय. अर्ज वाटायची मनाई कुठेही लिहिलेली नाही, मी नीट वाचून बघितलं. बायको म्हणते, आता तुम्ही बूट काढता.

नोकरीचं काय होईल माहीत नाही.

धाकट्या

---

१२ मे

धाकट्या,

काल सकाळी नऊला निघालो. दहा बिऱ्हाडांतली नऊ. गवंड्याची बायको बाळंत झाली, मुलगी झालीय, म्हणून ते दोघे राहिले. पण सही मागे घ्यायला नवरा निदान एकटा येईल असं वाटलं होतं. आला नाही. दार लावून बसला. मी त्याला बोलणार नाही. चार दिवसांच्या लेकीचा बाप आहे.

रस्त्याने चार चार हातांवर एकेक जण चाललो होतो. भाऊजी मध्ये दोनदा बसले. घड्याळजींनी कोट घातला होता. कोर्टाच्या फाटकावर दिवाणजी भेटले. "अहो, तुमचं तर झालं ना काम? स्थगिती मिळाली. मग ही उठाठेव कशाला?"

मी म्हटलं, "पेन परत द्यायला आलोय."

मला आधी आत बोलावलं. न्यायाधीश बाई होत्या, चष्मा नाकावर घसरलेला. सही दाखवून विचारलं, "ही तुमची?"

"हो."

"का केली होती?"

"भीतीने. नवरा आजारी होता. आणि दिवाणजी म्हणाले, एवढं केलंत तर तुमचं बघू."

दिवाणजींचे वकील उठले. "मग आता भीती गेली का?"

"नाही गेली," मी म्हटलं. "रोज वाटते. पण त्या बाईला काढलं तर ती दुसऱ्या कुठल्यातरी जिन्याखाली राहील, आणि सकाळी पुन्हा त्याच वॉर्डात जाईल. ताप काही आमच्या घराच्या पत्त्यावर येत नाही साहेब. उद्या माझा नवरा त्या वॉर्डात गेला तर त्याला पाणी पाजायला तीच असेल. मी तिला घरातून काढलेलं असेल, तर कुठल्या तोंडाने मी तिच्याकडे पाणी मागू?"

पुढचं बोलायचं होतं ते विसरले. पण बाईंनी लिहून घेतलं. मग एकेक जण आत. घड्याळजींना वकिलांनी विचारलं, "तुम्हाला या बाईने शिकवून आणलंय ना?" ते म्हणाले, "मला आजवर कुणीच काही शिकवू शकलेलं नाही. माझ्या बायकोला विचारा." आम्ही बाहेर ऐकत होतो.

दीड वाजता निकाल. उरल्या एका सहीवर तक्रार उभी राहत नाही, अर्ज फेटाळला. दिवाणजींनी कागद गोळा केले आणि आमच्याकडे न बघता निघून गेले. ते परत येतील हे मला माहीत आहे. साथ संपली की स्थगितीही संपेल. तेव्हाचं तेव्हा, आता आम्हाला कोर्टाचा रस्ता पायाखालचा झालाय.

आणि गंमत ऐक. आयाबाई तिथे नव्हतीच. तिला रजा मिळाली नाही, दाखला तेवढा पाठवला होता. सहा वाजता ती आली तेव्हा सगळं घर जिन्यात तिची वाट बघत उभं. ती घाबरून फाटकातच थांबली. म्हणाली, "कोण गेलं?"

मी म्हटलं, "कुणी नाही गेलं. कुणीच नाही. या."

ती पायरीवर बसली आणि खूप रडली. आम्ही कुणी जवळ जाऊ शकत नव्हतो. आपापल्या जागी उभे राहिलो, तिचं रडणं होईपर्यंत.

आता तुझं कळव.

तुझी ताई

---

२७ मे

ताई,

निकाल कळला. साहेबांची चौकशी लागली आहे. माझीही. मला बेलिफच्या कामावरून काढून रेकॉर्डच्या खोलीत बसवणार आहेत, पगार कमी होईल. बायकोला सांगितलं तर म्हणाली, "धूळ असेल तिथे, रुमाल देईन." एवढंच.

पण थैली घेण्याआधी न्यायाधीशांनी मला शेवटचं एक काम दिलं. म्हणाले, "ज्या खोलीचा ताबा तुम्ही घेतलात, तो तुम्हीच परत द्या."

आज सकाळी गेलो. इस्त्रीवाली दोन्ही मुलींना घेऊन आधीच दारात उभी होती. मी सील तोडलं. तिने माझ्याकडे बघितलं नाही. मी माफी मागायला तोंड उघडलं तशी म्हणाली, "टेबल खाली राहिलंय. ते वर आणा."

इस्त्रीचं टेबल सागवानी आहे, भलतंच जड. मी आणि एक पंच, दोघांनी मिळून ते तीन मजले चढवलं. मग गाठोडी, मग भांडी. खुर्ची तिने स्वतः आणली.

सगळं लागल्यावर मी अहवाल लिहायला बसलो. तेव्हा ती पहिल्यांदा माझ्याशी बोलली. "त्या दिवशीच्या कागदात तुम्ही माझ्या वडिलांना काय लिहिलंय?"

मला आठवत होतं. मी लिहिलं होतं, "एक वृद्ध इसम". सांगितलं तिला.

"नाव विचारलं नव्हतंत."

"नाही."

"मग आता विचारा."

मी विचारलं. तिने सांगितलं, सावकाश, त्यांच्या वडिलांच्या नावासकट आणि आडनावासकट. ते एके काळी नदीवर होडी चालवायचे हेही सांगितलं. मी सगळं लिहिलं. ते कोणत्या तारखेला या खोलीतून नेले गेले, कुणी नेलं आणि कुठे वारले, तेही लिहिलं. अहवालाला एवढं लागत नाही. पंच माझ्याकडे बघत राहिले, पण त्यांनी सही केली. तिनेही केली. ती म्हणाली, "मी तुम्हाला माफ केलं असं मनात आणू नका." मी म्हटलं, "नाही आणणार."

मग मी बाहेर आलो आणि तिने दार लावलं. मी जिन्यात उभा होतो. आतून कडी लागल्याचा आवाज आला. ताई, पंधरा वर्षांत मी कितीतरी दारांना बाहेरून कुलपं घातली. दार आतून लागताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

तुझा
धाकट्या